फळा पुसायच्या आधी

पोलीस ठाणे, भिवंडी
दि. ११ फेब्रुवारी १९९४, शुक्रवार

नाव कमळ तुळशीराम गोतारणे, वय २१ वर्षे, धंदा नोकरी, शिक्षण बारावी, राहणार वळ, ता. भिवंडी, आत्या काशीबाई यांच्या घरी. मूळ गाव गणेशपुरीजवळ.

मी स्वतः ठाण्यात येऊन, विचारल्यावरून, खालीलप्रमाणे सांगते.

मी वरील पत्त्यावर दोन वर्षांपासून राहते. वडील तुळशीराम हे आमच्या गावचे कोतवाल आहेत. ते शिकलेले नाहीत. तलाठी हुकूम वाचून दाखवतात, वडील तो ऐकून पाठ करतात आणि डफडे वाजवून गावात दवंडी देतात. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली.

मी शरच्चंद्र दत्तोपंत चौबळ यांच्या शेअरच्या कार्यालयात कामाला आहे. कार्यालय मंडईजवळ तळमजल्यावर आहे. त्यांना सर्वजण भाऊ म्हणतात, म्हणून पुढे मी भाऊ असेच सांगते. भाऊ पूर्वी बँकेत होते. आता ते मुंबईच्या दलालामार्फत लोकांना शेअर घेऊन देतात आणि विकून देतात. ते मला दोन वर्षांत कधी वाईट शब्द बोललेले नाहीत. त्यांच्या पत्नी माई यांनी मला दोन साड्या दिल्या आहेत. हे या प्रकरणाशी संबंधित नाही असे जबाब लिहून घेणारे हवालदार साहेब म्हणाले, पण मला ते सांगणे योग्य वाटते.

कार्यालयात आत भाऊंची काचेची केबिन आहे. बाहेर तीन बाके आणि भिंतीवर फळा आहे. बाजार सुरू झाला की मुंबईच्या दलालाचा माणूस फोनवर भाव सांगतो. फोन माझ्या टेबलावर आहे. तो सांगेल ते मी कागदावर उतरवते, आत जाऊन भाऊंना सांगते, आणि भाऊ मान हलवतील तेव्हा बाहेर येऊन फळ्यावर लिहिते. बाकावर बसलेले लोक फळा बघून घ्यायचे की विकायचे ते ठरवतात. भाव कळायला त्यांच्याकडे दुसरे साधन नाही. वर्तमानपत्रात आदल्या दिवशीचे भाव असतात.

आधी आत सांगायचे आणि मग बाहेर लिहायचे, हा नियम भाऊंनी मला पहिल्याच दिवशी घालून दिला. तो का आहे असे मी विचारले नाही. आमच्याकडेही हुकूम आला की वडील आधी पोलीस पाटलांच्या घरी जाऊन सांगतात आणि मग दवंडी देतात. मला ते तसेच वाटले. मोठ्या माणसाला आधी सांगण्याची रीत असते असे मी समजत होते.

मंगळवार, दि. ८ रोजी सकाळी मी आणि काशी आत्या वळहून एकाच रिक्षाने भिवंडीला आलो. आत्याची वळची जमीन गोदामासाठी गेली. त्याचे पैसे पतपेढीत होते. आत्याला त्यातून नवतारा यार्न या कंपनीचे शेअर घ्यायचे होते. त्या शेअरचा भाव महिनाभर रोज चढत होता. फळ्यावर तो आकडा रोज मीच लिहीत होते आणि घरी आल्यावर आत्या रोज विचारत असे. रिक्षात तिने मला विचारले, "घेऊ ना गं?" मी म्हणाले, "मला त्यातलं कळत नाही, आत्या. भाऊंना विचार." आत्या म्हणाली, "तुला न्हाय कळत तं कोनाला कळनार? फोन तुझ्या कानाला. म्हस इकत घेताना मानूस दात तरी बघतं. हितं दात कोनाचे बघू, तुझे?" रिक्षावाला हसला. मीही हसले.

आत्या फळ्यासमोरच्या बाकावर बसली. आणखी तीन-चार माणसे होती, त्यांची नावे मला माहीत नाहीत. बाजार सुरू झाल्यावर मी नवताराचा भाव ब्याण्णव लिहिला. त्यानंतर थोड्या वेळाने पुन्हा फोन आला. वेळ मी घड्याळात पाहिली नव्हती, त्यामुळे नक्की सांगता येणार नाही. फोनवर नेहमीचाच माणूस होता. त्याचे नाव मला माहीत नाही. तो हिंदीत बोलतो. तो म्हणाला, "भाऊ को बोलो, नवतारा बेच के निकाल दो. पूरा. कल पेपर में आएगा." मी विचारले, "क्या आएगा?" तो म्हणाला, "तू सिर्फ बोल दे, बहन."

मी आत जाऊन भाऊंना जसेच्या तसे सांगितले. भाऊंनी चष्मा काढला. त्यांनी विचारले, "बाहेर कोण कोण आहे?" मी सांगितले की आत्या आहे आणि बाकीचे आहेत. भाऊ म्हणाले, "फळ्याला हात लावू नकोस. मी सांगेन तेव्हा पूस." मी बरं म्हणाले आणि बाहेर येऊन माझ्या जागेवर बसले.

माझी जागा आत्याच्या बाकापासून लांब नाही. मध्ये एक माणूस बसेल इतके अंतर आहे.

त्यानंतर भाऊ स्वतः केबिनच्या दारात आले आणि म्हणाले, "काशीबाई, या. किती दिवस नुसत्या बघताय? आज तुमचं काम करून टाकू." आत्या आत गेली. आत जाताना तिने माझ्याकडे पाहिले. मी काही बोलले नाही. मी खूण केली का, असे मला विचारण्यात आले. मी कोणतीही खूण केली नाही. मान हलवल्याचेही मला आठवत नाही. मी तेव्हा कागदावरचे भाव पुन्हा एकदा तपासत होते.

आत्याचा व्यवहार ब्याण्णवच्या भावाने झाला. बिल माझ्या हाताने लिहिलेले आहे. एरवी शेअरचे कागद मुंबईहून यायला कितीतरी आठवडे लागतात. आत्याला ते लगेच मिळाले. ते भाऊंच्या कपाटातून आले. त्यांवर माईंचे नाव होते. आत्याने कागद कपाळाला लावले आणि मला म्हणाली, "बघ, लोकं दोन-दोन म्हैने वाट बघतात. आपलं वजन हाय हितं." घरी जाण्यापूर्वी तिने मला वडापाव आणून दिला.

आत्या गेल्यावर भाऊंनी मला फळ्यावरची नवताराची ओळ पुसायला सांगितले. मी पुसली. नवा भाव काय लिहू असे विचारले. ते म्हणाले, "मोकळं ठेव."

बुधवारी वर्तमानपत्रात आले की नवताराच्या कारखान्याला टाळे लागले आहे. त्या दिवशी फळ्यावर मी पंचावन्न लिहिले आणि नंतर नुसतेच घेणारे नाहीत असे लिहिले. संध्याकाळी आत्या घरी म्हणाली, "पेपरात आलं तवा सगळ्यांनाच कळलं. माझं एकटीचंच थोडं गेलं? नशीब, दुसरं काय." मी त्या रात्री जेवले नाही. पोटात दुखते असे मी आत्याला सांगितले. तिने ओवा दिला.

गुरुवारी मी भाऊंना विचारले की मंगळवारी झाले ते बरोबर होते का. त्यांनी मला केबिनमध्ये बसवून शांतपणे समजावले. ते म्हणाले, "कमळ, यात लबाडी कुठे आहे ते तू मला दाखव. तुझ्या आत्याला नवतारा हवा होता. मी तिला बोलावून आणलं नाही, ती महिनाभर मागत होती. भाव फळ्यावरचाच लावला. एक पैसा जास्त घेतला का?" मी नाही म्हणाले. ते पुढे म्हणाले, "मुंबईत शेअर बाजारात जो आत उभा असतो त्याला माझ्याही आधी कळतं. त्यानं मला फोन केला तेव्हा त्याचं विकून झालेलं होतं. कंपनीच्या माणसांना त्याच्याही आधी कळलेलं असणार. मग मी कुणावर रागावू? ज्याला जेव्हा कळतं तेव्हा तो बाहेर पडतो. बाजार म्हणजे हेच."

मी बाहेर येऊन फोनजवळ बसले. कायद्यात याला काय म्हणतात, किंवा काही म्हणतात का, हे मला माहीत नाही. मी हवालदार साहेबांना विचारले. ते म्हणाले की हे त्यांनाही बघावे लागेल आणि आजची तक्रार त्याबद्दल नाही.

गुरुवारी काम संपल्यावर मी एस.टी.ने गावी गेले. वडील अंगणात खाट विणत होते. मी त्यांना सर्व सांगितले. शेवटी त्यांनी विचारले, "काशी बाहेर बसली व्हती तवा तुला म्हाईत व्हतं?" मी हो म्हणाले. मी म्हणाले, "बाबा, तुम्हीपण आधी पाटलालाच सांगता ना?" वडील म्हणाले, "सांगतो. धरनाचं पानी सुटायचा हुकूम आला तं पाटलालाच आधी सांगतो. म्हून काय पाटील पयले आपली म्हशी-रेडकं नदीतून काढतो, आन मंग मला म्हनतो, जा आता बोंबल? तसं केलं तं गाव त्याला ठेवील?" मी म्हणाले, "भाऊ म्हणाले, फळ्याला हात लावू नकोस." वडील म्हणाले, "बरं." त्यानंतर ते खाट विणत राहिले. आपण काय करणार आहोत हे त्यांनी मला सांगितले नाही. मी त्यांना काही करायला सांगितले नाही. मी त्यांच्याकडे कशासाठी गेले होते असे मला विचारण्यात आले. ते मला नीट सांगता येत नाही.

आज सकाळी मी गावाहूनच कामावर आले. आज शुक्रवार, कापडाचे लूम बंद. एरवी आमच्या रस्त्यावर खटखटीमुळे शेजारच्याशीही ओरडून बोलावे लागते. आज शांतता होती आणि सुट्टीची माणसे रस्त्यावर होती. बाजार सुरू झाल्यानंतर बाहेर डफडे वाजले. मी आवाज ओळखला.

वडील कार्यालयासमोर रस्त्याच्या कडेला उभे होते. डोक्याला फेटा होता. लोक जमू लागले. कुणीतरी विचारले, "क्या है चाचा, सिनेमा आया क्या?" दुसरा म्हणाला, "अरे चुप, सरकारी ऐलान है." कोण बोलले ते मी ओळखत नाही.

याच वेळी माझ्या टेबलावरचा फोन वाजला. मी तो घेतला. मुंबईचा माणूस भाव सांगू लागला आणि मी लिहू लागले. म्हणजे यापुढचे मी एका कानाने ऐकले आहे, हे नोंदवावे.

वडिलांनी दवंडीची सुरुवात "ऐका हो ऐका, तहसीलदार सायबांच्या हुकमावरून" अशी केली काय, असे मला विचारण्यात आले. भाऊंच्या तक्रारीत मुख्य मुद्दा हाच आहे, की सरकारी हुकूम नसताना कोतवालाने हुकूम असल्याचे पुकारले. मला हेही सांगण्यात आले की हे शाबीत झाल्यास वडिलांची कोतवालकी जाईल. मी विचार करायला वेळ मागितला. तो मला मिळाला. मी पाणी प्याले.

होय. वडील तसे म्हणाले. मी ते स्पष्ट ऐकले. त्यांची प्रत्येक दवंडी त्याच शब्दांनी सुरू होते. मी लहान असल्यापासून ते शब्द ऐकत आले आहे. भावंडांना जेवायला बोलावतानाही आम्ही ते म्हणत असू.

पण ते शब्द उच्चारल्यावर वडील थांबले. त्यांनी डफड्यावर हात ठेवून ते बंद केले. मग ते म्हणाले, "न्हाय. चुकलो. हुकूम कोनाचा न्हाय. माझ्या पोरीच्या सांगन्यावरून." हे भाऊंच्या तक्रारीत नाही. ते केबिनमध्ये होते, त्यांना ऐकू आले नसावे. ते मुद्दाम वगळले असे मी म्हणत नाही. मला ते ऐकू आले याची खात्री आहे, कारण त्यानंतर फोनवरचा एकही भाव मी उतरवलेला नाही. तो कागद टेबलावर असेल. त्यावर चार ओळी आहेत, पुढे काही नाही.

त्यानंतर वडिलांनी पुकारले ते असे : "ऐका हो ऐका! मंगळवारी ह्या हपिसात नवताराची खबर आत येगळी व्हती आन फळ्यावर भाव येगळा व्हता! आत कळलं त्ये बाहेर सांगितलं न्हाय! ज्यानं त्या दिशी हितून नवतारा घेतला त्यानं आत जाऊन इचारा हो!" यात त्यांनी कुणालाही शिवी दिली नाही. मारा, फोडा असे काही म्हटले नाही.

भाऊ बाहेर आले. ते म्हणाले, "तुळशीराम, रस्त्यात काय तमाशा? आत ये. चहा घे. आपण आत बोलू." वडील म्हणाले, "आतलं आत लई झालं, भाऊ. जरा बाहेर बोला." लोक हसले. मागून कुणी हिंदीत विचारत होते, "क्या बोला? क्या बोला?" आणि पुढचे सांगत होते, "भाव बोल रहा है." फळा बघायला लोक पुढे सरकले आणि दरवाजाची काच तडकून खाली आली. दगड कुणी मारलेला मी पाहिला नाही. काच फुटली तेव्हा वडिलांचे दोन्ही हात डफड्यावर होते. कुणाच्या धक्क्याने फुटली ते मी सांगू शकत नाही. फळा खिळ्यावरून निघून जमिनीवर पडला होता. तो कोणी काढला हेही मी पाहिले नाही. भाऊंच्या हाताला काच लागून रक्त आले. मी माझा रुमाल दिला. त्यांनी तो घेतला.

हवालदार साहेबांनी मला सांगितले की जबाब काच, फळा आणि हुकूम यांपुरताच हवा आहे आणि मंगळवारचा फोन लिहिण्याची गरज नाही. माझी विनंती आहे की तो लिहावा. दवंडी माझ्या सांगण्यावरून दिली गेली. मी सांगितले ते खरे असेल तर वडील खोटे बोलले नाहीत. ते खोटे असेल तर खोटे मी बोलले, त्यांनी नाही. त्यांना वाचता येत नाही. ते नेहमी दुसऱ्याने सांगितलेलेच पुकारतात. हवालदार साहेबांनी थोडा विचार करून ते लिहून घेतले.

फोन आल्यानंतर आणि आत्या आत जाण्यापूर्वी मी तिला सांगू शकले असते काय, असे मला विचारण्यात आलेले नाही. मी ते स्वतःहून सांगते. सांगू शकले असते. एक वाक्य पुरले असते. मी का सांगितले नाही याचे कारण मला भाऊंची भीती असे लिहू नये, कारण ते खरे नाही. आधी आत, मग बाहेर, एवढेच माझ्या डोक्यात होते. बाहेर सांगायची वेळ येईल असे मला वाटत राहिले.

माझी आणखी एक विनंती होती. जबाब लिहून झाल्यावर भाऊ आत ठाण्याच्या मोठ्या साहेबांच्या खोलीत बसले होते आणि वडील व निरोप मिळाल्यावर वळहून आलेली काशी आत्या बाहेर व्हरांड्यात बाकावर होते. जबाब साहेबांना दाखवण्यासाठी आत नेत होते. मी म्हणाले की तो आधी आत आणि मग बाहेर असा वाचू नये. सर्वांना एकाच वेळी ऐकू जाईल असा वाचावा. यावर हवालदार साहेब हसले. साहेबांनी हरकत घेतली नाही. भाऊ बाहेर आले. त्यांच्या हाताला माझा रुमाल बांधलेला होता.

हवालदार साहेबांनी व्हरांड्यात उभे राहून सर्व जबाब मोठ्याने वाचला. वाचन चालू असताना वडील खाली बघत होते. पोरीच्या सांगण्यावरून, हे शब्द आले तेव्हा त्यांनी मान हलवली. भाऊ म्हणाले, "हे तिला मी सगळं समजावून सांगितलंय."

वाचून झाल्यावर काशी आत्याने मला विचारले, "म्हंजी मी आत गेले तवा तुला म्हाईत व्हतं?" तोपर्यंत तिला हे माहीत नव्हते. मी हो म्हणाले. आत्याने पिशवीतला डबा काढला, तो उघडला नाही, पुन्हा आत ठेवला. माझ्या दुसऱ्या विनंतीपासून पुढचे मूळ जबाबात नव्हते, ते माझ्या सांगण्यावरून खाली जोडले आहे.

सहीपूर्वी हवालदार साहेबांनी मला विचारले की राहण्याचा पत्ता वर लिहिला आहे तोच ठेवायचा ना. मी आत्याकडे पाहिले. बाकावरून काशी आत्या त्यांना म्हणाली, "सध्या त्योच लिवा." तिच्या बोलण्याचा अर्थ मला नीट समजला नाही. पत्ता तोच ठेवला आहे. बदलल्यास ठाण्यात येऊन कळवीन.

मूळ जबाब व्हरांड्यात, सर्वांसमक्ष, एकदाच वाचला गेला. जोडलेला मजकूर मला वेगळा वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. त्यात माझ्याकडून काही राहिले असल्यास ते मला आत्ता आठवत नाही.

सही
कमळ तुळशीराम गोतारणे

समक्ष
दौलत, पोलीस हवालदार